खडक म्हणजे श्रद्धा, सूचिपर्णी झाड म्हणजे आशा... मग चित्र बघायचं कशाला?

कढीपत्ता

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी हाम्बुर्गला असतो. इथे पाऊस बारमाही, त्यामुळे रविवारी करायचं काय हा प्रश्न कायमचा, आणि त्याचं माझ्यापुरतं उत्तर म्हणजे इथलं कुन्स्टहाले, म्हणजे कलासंग्रहालय. तिथे कास्पार डाविड फ्रीडरिश या चित्रकाराची चित्रं आहेत (१७७४ ते १८४०, गाव ग्राइफ्सवाल्ड, बाप साबण आणि मेणबत्त्या बनवणारा). नाव माहीत नसलं तरी त्याचं एक चित्र तुम्ही नक्की बघितलंय. खडकावर एक पाठमोरा माणूस, गडद हिरवा कोट, हातात काठी, समोर धुक्याचा समुद्र आणि त्यातून वर आलेले सुळके. साधारण १८१७-१८ सालचं. आपल्याकडे कोकणकड्यावर जो जातो तो मित्राला 'मागून काढ रे' सांगून जो फोटो काढून घेतो ना, त्या फोटोचा हा पणजोबा.

तर झालं असं की एका मित्राने या चित्रकारावरचं एक जुनं जाडजूड पुस्तक दिलं आणि ते वाचून माझं डोकं फिरलं. त्यात प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावून दिलाय. खडक म्हणजे श्रद्धा. सदाहरित झाडं म्हणजे आशा. निष्पर्ण ओक म्हणजे ख्रिस्तपूर्व जुना धर्म. जहाजाचा नांगर म्हणजे आशा (परत), जहाज म्हणजे आयुष्य, नदी म्हणजे मरण, चंद्र म्हणजे ख्रिस्त. म्हणजे स्वप्नात साप दिसला तर धनलाभ, दात पडला तर अमुक, असं जे पंचांगाच्या मागच्या पानांवर असतं तसंच. मी पुस्तक मिटून परत त्या धुक्यासमोर जाऊन उभा राहिलो तर च्यायला काही दिसेचना, नुसते शब्दार्थ दिसायला लागले, एवढा राग आला म्हणून सांगू.

तर प्रश्न असा की ही निसर्गचित्रं खरंच कुलूप आहेत का, ज्याची किल्ली पुस्तकात असते? का हे सगळं नंतरच्या पंडितांनी चिकटवलेलं?

---

टोपणराव

शीर्षकाखालीच रोमँटिक निसर्गचित्रं असा टॅग बघून आलो होतो. वाटलं झाडाभोवती हिरो-हिरॉईन असतील. इथे तर साधू, बर्फ आणि थडगी. असो, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

कढीपत्ता

@टोपणराव, हाहा. इथे रोमँटिक म्हणजे स्वच्छंदतावाद हो. साधारण अठराव्या शतकाचा शेवट ते एकोणिसाव्याची पहिली तीसचाळीस वर्षं. थडगी आहेत पण भरपूर, निराशा होणार नाही.

---

पाटीपेन्सिल

छान विषय. मी जेजेचा (आता जाहिरातीत पोट भरतो, पण रविवारी अजून बाहेर जाऊन जलरंग करतो). पंडितांना शिव्या घालण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या की ही किल्ली पहिल्यांदा खुद्द फ्रीडरिशनेच हातात दिली होती, आणि ती सुद्धा वैतागून.

त्या काळी अकादमीत चित्रांची उतरंड असायची. सगळ्यात वर इतिहास-पुराण-बायबलातले प्रसंग, मग व्यक्तिचित्रं, आणि निसर्गचित्र व वस्तुचित्र पार तळाला. झाडंझुडपं काय, कोणीही काढेल, त्यात विचार कुठाय, असा सूर. आणि या माणसाने १८०८ च्या नाताळात ड्रेस्डेनला आपल्या खोलीत एक चित्र लोकांना बघायला ठेवलं, डोंगराच्या टोकावर क्रूस, भोवती फरची झाडं, मागे मावळतीचं गुलाबी आकाश, बस. क्रूसावरचा ख्रिस्त आपल्याकडे बघतच नाही, तो मावळत्या सूर्याकडे वळलेला. चित्र ठेवलं कसं तर खोली अंधारलेली, टेबलावर काळं कापड, त्यावर सोनेरी कोरीव चौकट. चौकटीवर मात्र देवाचा डोळा, गव्हाची कणसं, द्राक्षाची वेल, देवदूतांची तोंडं. म्हणजे निसर्गचित्र थेट वेदीवर चढवलं!

फोन राम्डोर नावाचे एक बडे कलासमीक्षक होते, ते १८०९ च्या जानेवारीत तुटून पडले. त्यांचं म्हणणं थोडक्यात, निसर्गचित्र आता देवळात घुसून वेदीवर सरपटत चढायला लागलं, हा आगाऊपणा आहे. गंमत म्हणजे त्यांचा मुद्दा तुमचाच होता. झाडाखडकांमधून धार्मिक रूपक सांगता येतं का, आणि सांगितलं तर ते चित्रात दिसतं का बाहेरून सांगावं लागतं?

मग फ्रीडरिशने खुलासा लिहिला. सूर्य मावळला म्हणजे देव स्वतः पृथ्वीवर वावरायचा ते जुनं जग संपलं. क्रूस धातूचा आहे म्हणून तो मावळलेल्या सूर्याचा उजेड परावर्तित करून आपल्यापर्यंत पोचवतो. खडक म्हणजे अढळ श्रद्धा. सदाहरित झाडं म्हणजे आशा. संपला विषय. आणि मग पुढची दोनशे वर्षं सगळे तोच खुलासा हातात घेऊन त्याच्या उरलेल्या चित्रांमधले खडक मोजत बसले.

माझं मत विचाराल तर तो खुलासा म्हणजे फौजदारासमोर दिलेला जबाब. त्यावरून माणसाचा स्वभाव ठरवू नये.

---

गोदाकाठ

+१ पाटीपेन्सिल. शेवटची ओळ खास.

---

सांगलीचे अण्णा

धागा आवडला. चित्रातलं मला काही कळत नाही, संस्कृत शिकवून निवृत्त झालो. पण तुमचा झगडा आमच्याकडे फार जुना आहे म्हणून लिहितो.

एक असते अन्योक्ती. बोलायचं एकाला, लागायचं दुसऱ्याला. लेकी बोले सुने लागे. जगन्नाथ पंडित हंसाला, ढगाला, हत्तीला उद्देशून श्लोक लिहितो, आणि ऐकणाऱ्या दरबाऱ्याला बरोबर कळतं की हंस म्हणजे कोण. तिथे अर्थ ठरलेला असतो, तो काढून घेतला की हंसाचं काम झालं, उडाला तरी चालेल.

दुसरा असतो ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ. मम्मट या काव्यशास्त्रकाराने काव्यप्रकाशात याचं फार सुंदर उदाहरण दिलंय, 'गतोऽस्तमर्कः', सूर्य मावळला. एवढंच वाक्य. शब्दार्थ सगळ्यांना एकच. पण सेनापतीला सांगितलं तर अर्थ होतो की हल्ला करायची वेळ झाली. अभिसारिकेला (प्रियकराला चोरून भेटायला जाणारीला) सांगितलं तर, निघ आता. गुराख्याला, गुरं घराकडे वळव. मजुराला, काम थांबव. वाक्य तेच, मावळलेला सूर्य तोच, ऐकणारा बदलला की अर्थ बदलला, आणि त्यातला एकही अर्थ चुकीचा नाही.

आता तुमच्या त्या जर्मन माणसाने मावळता सूर्य काढला आणि नंतर सांगितलं की हा सूर्य म्हणजे अमुकच, तर त्याने स्वतःच्याच ध्वनीची अन्योक्ती करून टाकली. राग त्या पुस्तकावर काढू नका, त्याच्यावर काढा.

---

कढीपत्ता

अण्णा, दंडवत _/\_ सूर्य मावळलाचं उदाहरण शाळेत कोणी असं सांगितलं असतं तर मी संस्कृत शंभर मार्कांचं घेतलं असतं.

---

गोदाकाठ

अण्णांची अन्योक्ती जशीच्या तशी बघायची असेल तर ती न्यूयॉर्कला आहे. मी जर्सीला राहते, सासरची मंडळी आली की त्यांना फिरवताना एकदा बघून आले. टॉमस कोल, जन्माने इंग्रज, अमेरिकेत येऊन हडसन नदीच्या खोऱ्यात निसर्गचित्रं काढणारा. त्याची १८३३ ते ३६ मधली पाच चित्रांची मालिका आहे, एकाच जागेची. पहिल्यात रानटी अवस्था, शिकारी, पहाट. दुसऱ्यात मेंढपाळ, सकाळ. तिसऱ्यात भर दुपारी संगमरवरी राजधानी, मिरवणूक, सोनंनाणं. चौथ्यात लूटमार, जाळपोळ, वादळ. पाचव्यात चांदणं, एक उरलेला खांब आणि त्यावर पक्ष्याचं घरटं. म्हणजे साम्राज्य येतं आणि जातं हा धडा. समजायला पुस्तक नको, सासूबाईंना सुद्धा एका फेरीत कळलं, त्या म्हणाल्या, आपल्या हंपीसारखंच की.

पण मला त्यात काय आवडलं सांगू का, पाचही चित्रांत मागे एक डोंगर आहे आणि त्याच्या टोकावर एक प्रचंड धोंडा अडकलेला आहे. बघायची जागा प्रत्येक चित्रात बदलते त्यामुळे डोंगर कधी इकडे कधी तिकडे, पण धोंडा बघितला की कळतं, अरे ही तीच जागा. खाली एवढी उलथापालथ होते आणि तो पडतही नाही. आता त्या धोंड्याचा अर्थ काय? कोणी निसर्ग म्हणेल कोणी काळ म्हणेल. मला तो नुसता धोंडा म्हणूनच लक्षात राहिलाय, बाकीची मिरवणूक विसरले.

---

बोरूबहाद्दर

माझे दोन पैसे. तुम्ही सगळे धर्म आणि अलंकार यात अडकलाय, माणूस बघा की. फ्रीडरिश सात वर्षांचा असताना आई गेली. तेरा वर्षांचा असताना, १७८७ साली, भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत बर्फ फुटून पाण्यात बुडाला, आणि असं सांगतात की याला वाचवताना बुडाला. ज्याने हे बघितलंय तो पुढे बर्फात चिरडलेलं जहाज काढतो, यात प्रतीक शोधायला कशाला हवं? सरळ दुखणं आहे ते.

---

पाटीपेन्सिल

@बोरूबहाद्दर, दुखणं असेलच, नाही कोण म्हणतंय. पण हे सुद्धा शब्दकोशच झालं ना? खडक = श्रद्धा काढून बर्फ = भाऊ टाकलं. किल्ली बदलली, कुलूप तेच.

---

बोरूबहाद्दर

हम्म. पॉइंट आहे. तरी मी म्हणेन की भाऊ हा शब्द श्रद्धेपेक्षा जास्त बोचतो.

---

कढीपत्ता

बोरूबहाद्दर, तुम्ही म्हणता ते बर्फाचं चित्र इथेच आहे, काल मुद्दाम त्याच्यासमोर अर्धा तास काढला, म्हणून जरा सविस्तर.

१८२३-२४ चं. साधारण सव्वा मीटर रुंद आणि मीटरभर उंच, फार मोठं नाही. पहिली गोष्ट, बर्फ पांढरा नाहीये. समोरच्या लाद्या चक्क मळकट, तपकिरी-पिवळ्या, नदीकाठच्या चिखलाच्या रंगाच्या, फुटलेल्या फरशीसारख्या एकावर एक चढलेल्या आणि त्यांचं टोक वर आकाशाकडे. मागे जावं तसं निळसर होत जातं. जहाज कुठाय हे मला पहिल्यांदा दिसलंच नव्हतं. उजवीकडे जरा खाली, जहाजाचा मागचा भाग तेवढा, लाद्यांच्या मधे एखादी चप्पल अडकावी तसा. माणूस एकही नाही. सगळं होऊन गेलंय, आता आवाज सुद्धा नाही असं वाटतं.

तो मळका रंग आला कुठून तर ड्रेस्डेनला १८२०-२१ च्या हिवाळ्यात एल्ब नदी गोठली होती, तिथे जाऊन त्याने बर्फाच्या लाद्यांचे तैलरंगात अभ्यास केले, ते छोटे अभ्यास पण याच म्युझियमच्या संग्रहात आहेत. उत्तर ध्रुवाकडे तो कधी गेला नाही. त्या वेळी पॅरी नावाच्या इंग्रज कप्तानाच्या ध्रुवाकडच्या मोहिमांची चर्चा होती ती कानावर, आणि डोळ्यासमोर घराजवळच्या नदीचा बर्फ.

आणि आता खरी गंमत. या चित्राला बरीच वर्षं लोक 'भंगलेली आशा' म्हणायचे. झालं, मग त्यावर निबंध, आशा कशी भंगली, जर्मनीची आशा, धर्माची आशा, चित्रकाराची आशा. नंतर लक्षात आलं की ते नाव दुसऱ्याच एका चित्राशी घोळ होऊन याला चिकटलंय, ते दुसरं चित्र याच्या आधीचं, ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाचं, आणि ते आता हरवलंय. म्हणजे आशा भंगली ती शेजारच्या घरात आणि सुतक यांनी पाळलं.

चित्र त्याच्या हयातीत विकलं गेलं नाही, १८४० ला तो गेला तोवर तसंच पडून होतं.

---

टोपणराव

'सुतक यांनी पाळलं' 😂😂 पॉपकॉर्न सांडले.

---

वाळवंटातला मासा

राजकारण कोणीच काढलं नाही अजून? या संस्थळाच्या परंपरेला धरून नाही हे.

त्या काळात नेपोलियन गेल्यावर जर्मन तरुणांमध्ये एक 'जुना जर्मन वेष' निघाला होता, लांब कोट, मोठी मखमली टोपी. देश एक व्हावा, राजेलोकांनी दिलेली वचनं पाळावीत, अशा मताच्या लोकांची खूण. १८१९ च्या कार्ल्सबाडच्या फर्मानांनी विद्यार्थी संघटना, छापखाने सगळ्यांवर टाच आणली आणि हा वेषही संशयित ठरला. आणि हे महाशय नेमके त्याच सुमारास दोन माणसं चंद्राकडे बघत उभी आहेत असं चित्र काढतात, दोघांच्या अंगावर तोच वेष! खोलीवर आलेल्यांना चित्र दाखवताना तो मिश्कीलपणे म्हणाला होता म्हणे की हे दोघं राजद्रोही कारस्थानं करतायत.

म्हणजे सरकारी सेन्सॉरला दिसलं तर दोन माणसं आणि चंद्र, आणि ज्याला कळायचं त्याला टोपी कळली. अण्णांची लेकी बोले सुने लागे इथे फिट बसते. ज्या काळात सरळ बोलता येत नाही त्या काळात झाडं आणि चंद्र बोलायला लागतात हो, त्यात पंडितांचा दोष नाही.

---

सांगलीचे अण्णा

मासेसाहेब, उत्तम. मात्र चंद्र ख्रिस्त आणि टोपी क्रांती, हे दोन्ही एकाच चित्रात एकाच वेळी असू शकतं हे मान्य केलंत तर तुम्ही ध्वनीच्या बाजूला आलात. स्वागत आहे.

---

लंडनचा पाव

उशिरा आलो. टर्नर हा इंग्रज चित्रकार कुणीच घेतला नाही म्हणून फक्त एक. 'टेमेरेअर' ही ट्रफाल्गरच्या लढाईतली (१८०५) ९८ तोफांची युद्धनौका, १८३८ ला भंगारात निघाली, थेम्समधून ओढत नेली. टर्नरने १८३९ ला चित्र मांडलं, नॅशनल गॅलरीत आहे, आणि इथल्या २० पौंडाच्या नोटेवर सुद्धा. पांढरीफटक भुतासारखी नौका आणि तिला ओढणारी काळी धूर ओकणारी बुटकी आगबोट, मागे रक्तासारखी संध्याकाळ.

खरं काय होतं? नौकेचे डोलखांब आधीच उतरवले होते. ओढायला एक नाही, दोन बोटी होत्या. आणि ती पश्चिमेकडे चालली होती, म्हणजे सूर्य तिच्या पाठीमागे मावळूच शकत नाही. टर्नरने डोलखांब परत चढवले, एक बोट गायब केली, सूर्य उचलून पूर्वेला मावळवला. एवढं खोटं बोलून जे सांगितलं त्याला खोटं म्हणायची माझी हिंमत नाही. नोट मोडताना दर वेळी जीवावर येतं (नोटेमुळे नाही, वीस पौंडामुळे).

---

पाटीपेन्सिल

पाव यांच्या मुद्द्यावरून आठवलं. फ्रीडरिशच्या पाठमोऱ्या माणसासमोरचे ते सुळके पण एका जागेचे नाहीत. ड्रेस्डेनजवळच्या वालुकाश्माच्या डोंगरात फिरून त्याने पेन्सिलीने एकेक खडक इतका काटेकोर काढलाय की आजही लोक ते खडक जाऊन शोधतात. मग खोलीत बसून हा खडक इथला, तो डोंगर तिथला, असं जुळवलं. मित्र केर्स्टिंगने काढलेलं त्याच्या खोलीचं चित्र बघा, भिंती रिकाम्या, दोनचार पॅलेट आणि पट्ट्या टांगलेल्या, खिडकीचा खालचा भाग बंद, म्हणजे बाहेरचं काही दिसूच नये. निसर्गचित्रकार आणि खिडकी बंद! त्याचं म्हणणंच होतं की समोर दिसतं तेवढंच नव्हे तर आत दिसतं ते पण काढावं, आणि आत काही दिसत नसेल तर समोरचंही काढू नये. मी रविवारी जलरंगाचा डबा उघडताना हे आठवायचं टाळतो.

आणि कढीपत्ता, तुमच्या मूळ प्रश्नाला उत्तर देईल असं चित्र हाम्बुर्गला नाही, बर्लिनला आहे. समुद्राकाठचा साधू, १८०८ ते १०. खाली वाळूची पट्टी, मग काळसर समुद्राची अरुंद पट्टी, आणि उरलेलं जवळजवळ सगळं आकाश. साधू नखाएवढा. १८१० ला मांडलं तेव्हा लोक हबकले, कारण बघायला काहीच नाही. क्लाइस्ट या लेखकाने लिहिलं की पापण्या कापून टाकल्यासारखं वाटतं.

नंतर इन्फ्रारेडने बघितलं तर कळलं की समुद्रावर आधी जहाजं आखलेली होती, आणि ती त्याने रंगाखाली घालवून टाकली. आता तुमच्या पुस्तकात जहाज म्हणजे आयुष्य ना? तर कोशातला नेमका तोच शब्द त्याने हाताने पुसला. जहाज ठेवलं असतं तर आपण सगळे 'हां हां, जीवनाचा प्रवास' म्हणून पुढच्या चित्राकडे गेलो असतो. पुसलं म्हणून अडकलो.

---

कढीपत्ता

पाटीपेन्सिल, हे जबरी आहे. जहाज पुसलं हे मला माहीतच नव्हतं. बर्लिन दोन तासांवर आहे, पुढच्या शनिवारी जातोच.

---

बोरूबहाद्दर

पण मग त्याच माणसाने १८३५ च्या सुमारास परत पाच जहाजं काढली आणि किनाऱ्यावर पाच माणसं, म्हातारा, मधल्या वयाचा, तरुणी, दोन पोरं! लाइपझिगला आहे. आयुष्याच्या अवस्था असं नावच आहे. जहाज जेवढं लांब गेलेलं तेवढं वय जास्त, सरळ त्रैराशिक. त्याचं काय करायचं?

---

पाटीपेन्सिल

ते नाव त्याने दिलेलं नाही, नंतरचं आहे. :-)

तरी मान्य, ते रूपक आहेच, नाही म्हणणार नाही. पण त्यातली पोरं काय करतायत बघा. एक छोटासा झेंडा धरलाय, तो स्वीडनचा. ग्राइफ्सवाल्ड त्याच्या लहानपणी स्वीडनच्या ताब्यात होतं, १८१५ ला प्रशियाकडे गेलं. म्हणजे वीस वर्षांपूर्वी संपलेल्या राज्याचा झेंडा आणि तो सगळ्यात लहान पोरांच्या हातात. आता बसवा त्रैराशिकात.

---

गोदाकाठ

बापरे. याच्यावर मी दिवसभर विचार करणार आता, ऑफिसचं काम बोंबललं.

मला एक विचारायचं होतं. त्याचं ते पांढऱ्या कड्यांचं चित्र, र्‍यूगन बेटावरचं, १८१८ ला लग्न झाल्यावर बायकोला घेऊन गेला होता तिथलं. दोन झाडांच्या चौकटीतून खाली समुद्र. लाल कपड्यातली बाई डावीकडे बसून खाली बोट दाखवतेय, उजवीकडे एकजण हाताची घडी घालून लांब समुद्राकडे बघतोय, आणि मधला माणूस निळ्या कोटात, कड्याच्या काठाशी चक्क हातापायांवर, गवतात काहीतरी शोधतोय. लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे श्रद्धा, हिरवा म्हणजे आशा, हे सगळीकडे लिहिलेलं आहे. पण तो शोधतोय काय हे कुणी सांगेल का?

---

टोपणराव

चष्मा पडला असेल.

---

सांगलीचे अण्णा

मृत्यूच्या काठाशी नम्र झालेला माणूस, असं म्हणत असावेत.

---

टोपणराव

अण्णा, मघाशी गंमत केली पण आता मोठं करून बघितलं आणि फसलो. त्याची टोपी बाजूला गवतात आहे. ती पडलीये का त्याने काढून ठेवलीये? पडली असेल तर माझा चष्मा बरोबर. काढून ठेवली असेल तर तुम्ही जिंकलात. वीस मिनिटं झाली बघतोय, बायको जेवायला हाका मारतेय.